हिवाळाभर गाडी उघड्यावर ठेवून भारतात जायचंय, काय काय करावं?

गोदाकाठ | १० नोव्हेंबर

मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाशिकला निघतोय, परत येईन ते मार्चच्या अखेरीस. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग भाचीचं लग्न, मग 'आलाच आहेस तर' या सदरातली बाकीची कामं. मुक्काम विनिपेग, कॅनडा. गाडी २०१६ ची कोरोला, पेट्रोल. गॅरेज नाही. बिल्डिंगच्या मागे उघड्यावर ठरलेली जागा आहे, समोर खांबाला ब्लॉक हीटरचा (स्टार्ट करण्याआधी इंजिन कोमट करणारा विजेचा हीटर) प्लग.

थंडीत गाडी चालवायची सवय आहे. हिवाळी टायर आहेत, ब्लॉक हीटर आहे. पण एवढे महिने बर्फात जागची न हलवता ठेवायची वेळ कधी आली नाही. इथे जानेवारीत उणे तीस म्हणजे नेहमीचंच.

सल्ल्यांना तोटा नाही. एक मित्र म्हणतो किल्ली दे, दर रविवारी दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवीन. दुसरा म्हणतो बॅटरी काढून घरात ठेव. तिसऱ्याचा ताडपत्रीचा आग्रह. ऑफिसमधला शेजारी म्हणतो काही करू नकोस, आल्यावर जंप मार (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायरी जोडून स्टार्ट कर). ज्यांनी खरोखर ठेवली आहे त्यांनी लिहा प्लीज.

दहा_नंबरचा_पाना | १० नोव्हेंबर

आधी बॅटरीचं बघा, बाकी सगळं नंतर.

गाडी बंद असली तरी अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, कॉम्प्युटर हे सगळे थोडी थोडी वीज ओढत राहतात. चांगल्या गाडीत २० ते ५० मिलीअँपिअर. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. तुमची बॅटरी ५०-६० अँपिअर-तासांची असेल. म्हणजे महिन्याभरात निम्म्याहून खाली आणि दीड-पावणेदोन महिन्यांत पार आडवी.

नुसती उतरली असती तर जंप मारून भागलं असतं. पण तुमच्याकडे ती गोठणार. पूर्ण चार्ज बॅटरीतलं ॲसिड दाट असतं, ते उणे ५० च्याही खाली टिकतं. बॅटरी उतरत जाते तसं ते पाण्याच्या जवळ जातं आणि पार उतरलेली बॅटरी उणे ७-८ लाच गोठते. मग आतल्या प्लेटा वाकतात, डबा फुगतो, कधी तडकतो. अशा बॅटरीला जंप मारायला जाऊ नका, फुटू शकते. ऑफिसमधल्या शेजाऱ्याला माझा नमस्कार सांगा.

तीन रस्ते आहेत. एक, स्मार्ट मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरलेली राखणारा छोटा चार्जर, लावून ठेवणे. स्मार्टच घ्या, भरली की आपण होऊन थांबणारा. जुन्या पद्धतीचा चार्जर महिनोन् महिने करंट ढोसत राहतो आणि बॅटरीतलं पाणी उडवतो. दोन, काढून घरात ठेवणे. तीन, पूर्ण चार्ज करून नुसती निगेटिव्ह वायर काढणे. माझं मत तिसऱ्याला. थंडीत बॅटरी स्वतःहून फार कमी उतरते, त्यामुळे भरलेली आणि सुटी केलेली बॅटरी तेवढे महिने सहज काढते. अट एकच, बॅटरी तब्येतीने धड हवी. पाच वर्षांच्या वर गेली असेल तर आत्ताच दुकानात लोड टेस्ट करून घ्या.

काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलंत आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला की ठिणगी. वायरीचं टोक फडक्यात गुंडाळून बाजूला दाबून ठेवा, ती वायर स्प्रिंगसारखी परत जागेवर येते. पाना कितीचा लागतो ते माझ्या नावात आहे.

मुसाफिर_टोरांटो | १० नोव्हेंबर

पाना काका, पण आठवड्यातून एकदा स्टार्ट करायला काय हरकत आहे? आमच्याकडे पुण्यात बाबा हेच करायचे. इंजिनात ऑइल फिरतं, बॅटरीही चार्ज होते.

दहा_नंबरचा_पाना | ११ नोव्हेंबर

पुण्यात ठीक आहे. तिथे दहा मिनिटांत इंजिन बऱ्यापैकी तापतं. उणे तीसला दहा मिनिटं आयडलवर ठेवून काटा जागचा हलत नाही.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. गरम इंजिनात ते सायलेन्सरमधून निघून जातं. थंड इंजिनात ते सायलेन्सरमध्येच साचतं, काही पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल फिलरच्या झाकणाखाली कधी पांढरट, ताकासारखा थर बघितलाय? तो हाच. दर रविवारी दहा मिनिटं म्हणजे दर रविवारी थोडं पाणी आत, बाहेर काहीच नाही. बॅटरीचंही तसंच, थंड इंजिन फिरवायला जेवढं गेलं तेवढं आयडलवर धड परत येत नाही.

मित्र अर्धा-पाऊण तास हायवेवर फिरवून आणणार असेल तर हरकत नाही. नाहीतर त्याने गाडीला हात लावू नये.

रसायनी | ११ नोव्हेंबर

अनुमोदन. मी पेट्रोल आणि कूलंटचं लिहिते.

टाकी फुल करून ठेवा. अर्धी टाकी म्हणजे अर्धी हवा, आणि हवेतली आर्द्रता आत गार पत्र्यावर सुटते. इथल्या पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. एका मर्यादेनंतर पाणी-इथेनॉलचं मिश्रण पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. तुमच्या मुक्कामाच्या मानाने हे टोकाचं आहे, पण स्टॅबिलायझरची (पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध) बाटली काही महाग नाही. शेवटचं पेट्रोल भरण्याआधी टाकीत ओता, वरून टाकी फुल करा, मग दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा. नाहीतर ते टाकीतच राहतं आणि इंजेक्टरपर्यंत जुनंच पेट्रोल.

कूलंट. पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे असतील तर साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. साठ टक्के ग्लायकॉल असेल तर उणे ५० च्या आसपास. काही लोक म्हणतात मग शंभर टक्केच ओतू. तसं करू नका, निव्वळ ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं! दोघं एकमेकांत मिसळलेले असतात तेव्हाच एकमेकांना गोठू देत नाहीत. उन्हाळ्यात कुणी कूलंट कमी दिसलं म्हणून साधं पाणी ओतलं असेल तर ते आत्ता तपासा. ऑटो पार्ट्सच्या दुकानात चोखून बघायची छोटी काचेची नळी मिळते, आत रंगीत गोळ्या तरंगतात. किती तरंगल्या त्यावरून आकडा कळतो.

काच धुवायचं पाणी विसरू नका. निळं, उणे ४० लिहिलेलंच हवं. उन्हाळी पाणी राहिलं तर टाकी आणि पंप दोन्ही तडकतात. नवं भरल्यावर दोन-चारदा काचेवर मारा, म्हणजे नळीतलंही बदलेल.

गोदाकाठ | ११ नोव्हेंबर

बाप रे, एका रात्रीत एवढं! पाना काका, रसायनी ताई, आभार. आता मला ब्लॉक हीटरच्या प्लगचं सांगा. मेंटेनर त्यावर लावला तर चालेल?

दहा_नंबरचा_पाना | ११ नोव्हेंबर

चालेल, पण आधी त्या प्लगला दिवसभर वीज असते का ते बघा. बऱ्याच पार्किंग लॉटमध्ये तो टायमरवर किंवा थर्मोस्टॅटवर असतो, थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. मेंटेनरला त्याने फार बिघडत नाही, पण मालकाने विजेचं बिल बघून मधेच बंद केला तर तुम्हाला नाशिकला कोण सांगणार. आणि ब्लॉक हीटर तेव्हा लावून ठेवू नका. तो स्टार्ट करण्याआधी तीन-चार तास लावायचा असतो, बंद गाडीला त्याचा काही उपयोग नाही.

शेवंती | १२ नोव्हेंबर

उंदरांचं कुणीच कसं लिहिलं नाही?

ओटावाला आमच्या शेजाऱ्यांची गाडी हिवाळाभर अंगणात होती. एप्रिलमध्ये त्यांनी ब्लोअर लावला आणि डॅशबोर्डमधून कापूस, गवत, टिश्यू पेपरचे तुकडे उडाले. वास तर विचारूच नका. ग्लोव्ह बॉक्स खाली पाडून मागचा केबिन फिल्टर बाहेर काढला तर त्याच्यावर वाटीएवढं घरटं, मधोमध शेंगदाण्यांची सालं नीट रचलेली. शेंगदाणे चाइल्ड सीटच्या खाचेतल्या भडंगातले. एका वायरीचं आवरण दोन बोटं लांब कुरतडलं होतं, आत तांबं दिसत होतं. गॅरेजच्या बिलाचा आकडा ऐकून त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, एवढ्यात तर घरातल्या उंदरांना सोन्याचे दात बसवले असते.

तर, चाइल्ड सीट बाहेर काढून झटका. सीटखाली व्हॅक्यूम. चिवडा, भडंग, बिस्किटं, च्युइंगगमसुद्धा गाडीत ठेवू नका. बंद करताना हवा रीसर्क्युलेशनवर टाकून मग किल्ली काढा, म्हणजे बाहेरची हवा आत घेणारा पडदा बंद राहतो. सायलेन्सरच्या तोंडात तारेची घासणी कोंबा. एअर फिल्टरच्या नळीच्या तोंडातही. आणि ती काढायची आठवण म्हणून स्टिअरिंगला मोठा कागद बांधा!

डांबरगोळ्या मात्र गाडीत टाकू नका. उंदीर जातील न जातील, वास उन्हाळाभर जाणार नाही.

मुसाफिर_टोरांटो | १२ नोव्हेंबर

पेपरमिंट तेलाचे बोळे ठेवतात म्हणे?

शेवंती | १२ नोव्हेंबर

ठेवतात. आठवड्याभरात वास उडतो, उंदीर परत. होंडाकडे वायरींना गुंडाळायची मिरचीच्या अर्काची टेप मिळते, ती निदान उडून जात नाही. बाकी अंगणात सापळे लावणं बरं.

उगाच_एक | १२ नोव्हेंबर

पुण्याहून वाचतोय. आमच्याकडे पावसाळ्यात दोन महिने गाडी सोसायटीत उभी राहिली तर सीटवर बुरशी, बॉनेटखाली घुशी आणि वर वॉचमनने वाळत टाकलेला टॉवेल. तुमच्याकडे निदान टॉवेल तरी नाही. दिवे घ्या.

चिनूकचा_मारा | १३ नोव्हेंबर

ताडपत्रीचं मी सांगतो. नको. निळी प्लॅस्टिकची तर अजिबातच नको.

आमच्या कॅल्गरीत हिवाळ्यात चिनूक वारा आला की काही तासांत उणे वीसवरून शून्याच्या वर जातं. प्लॅस्टिकखालचं दव, बर्फ वितळतो, पाणी बाहेर जायला वाट नाही. रात्री परत गोठतं आणि प्लॅस्टिक रंगाला चिकटून बसतं. ओढून काढायला गेलात की कडांना ओरखडे. वाऱ्याने फडफडत राहिली तर तिच्याखालची धूळ हिवाळाभर रंगावर घासत राहते, पॉलिश पेपर मारल्यासारखी.

टाकायचंच असेल तर हवा खेळती राहणारं, आतून मऊ, गाडीच्या मापाचं कव्हर घ्या, गाडीच्या पोटाखालून पट्टा बांधता येईल असं. आणि धुतलेल्या, वाळलेल्या गाडीवरच घाला. मी घालत नाही. धुऊन वॅक्स मारतो, वायपर काचेवरून उचलून ठेवतो, बर्फ पडायचा तेवढा पडू देतो. कोरडा बर्फ रंगाचं काही वाकडं करत नाही.

वाकडं करतं ते मीठ. खालून धुऊन घ्या, चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, सगळं.

दहा_नंबरचा_पाना | १३ नोव्हेंबर

चिनूकसाहेबांशी सहमत. एक भर घालतो. नोव्हेंबरच्या शेवटी विनिपेगला उघड्यावर धुऊ नका, आत गरम बंदिस्त जागा (बे) असलेल्या ठिकाणी न्या. धुतल्यावर लगेच उभी केलीत तर ब्रेक ओलेच गोठतील. वीसेक मिनिटं चालवा, मधे मधे ब्रेक दाबा, डिस्क वाळू द्या. दारांची रबरं पुसून त्यावर सिलिकॉन स्प्रे मारा, नाहीतर मार्चमध्ये दार उघडताना रबर दाराबरोबर निघून येतं. कुलुपात थोडं ग्राफाइट. बॅटरी काढली की रिमोट मेला, दार किल्लीनेच उघडायचंय.

हँडब्रेक लावू नका. तुमच्या कोरोलाला मागे बहुधा ड्रम असतील. लाइनर ड्रमला गंजून चिकटतात आणि मग गाडी पुढे जाते, मागची चाकं घसटत येतात. गिअर पी मध्ये, दोन चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, झालं. ज्यांच्या गाडीत बटणाचा इलेक्ट्रिक ब्रेक आहे त्यांनी मॅन्युअल बघा, काही गाड्यांत पी टाकला की तो आपोआप लागतो आणि तो सोडवण्याची वेगळी युक्ती असते. हे बॅटरी काढण्याआधी करायचं, नंतर नाही.

टायरची हवा. पारा साडेपाच अंश उतरला की साधारण एक पीएसआय कमी होतो. दहा अंशांत ३३ भरलीत तर उणे तीसला २६ भरेल. सहा-सात जास्त भरा, मात्र टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत राहा. चाकांखाली प्लायचे तुकडे टाका, म्हणजे वितळलेलं पाणी गोठून टायर जमिनीला धरणार नाहीत. गवतावर उभी करू नका. गाडी जॅकवर उचलून ठेवा वगैरे सल्ला मिळाला तर दुर्लक्ष करा, उघड्यावर ते धोक्याचं आहे आणि तुमच्या मुक्कामाला गरजेचंही नाही.

ऑइल जाण्याआधीच बदला, आल्यावर नव्हे. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातली आम्लं आणि पाणी असतं, ते हिवाळाभर बेअरिंगांवर कशाला बसू द्यायचं.

हडसनतीर | १४ नोव्हेंबर

विमा! न्यूयॉर्कमधले वाचत असतील तर, इथे नंबर प्लेट परत केल्याशिवाय लायबिलिटी (थर्ड पार्टी) विमा रद्द करू नका, लायसन्सपर्यंत प्रकरण जातं. गाडी उभी आहे हे कारण चालत नाही.

गोदाकाठ | १४ नोव्हेंबर

आमच्या मॅनिटोबा प्रांतात विमा सरकारी, एमपीआयचा (मॅनिटोबा पब्लिक इन्शुरन्स). एजंटला फोन केला. 'ले-अप' नावाचा प्रकार आहे. रस्त्यावरचा विमा बंद, फक्त चोरी, आग, तोडफोड वगैरेंसाठी, पैसे बरेच कमी. पण गाडी रस्त्यावर न्यायची नाही. म्हणजे रविवारच्या मित्राचा प्रश्न आपोआप मिटला.

मुसाफिर_टोरांटो | १४ नोव्हेंबर

ऑन्टारियोत यासाठी पॉलिसीला ओपीसीएफ १६ नावाची पुरवणी जोडतात, अपघाताचा भाग तेवढा स्थगित. परत सुरू करायला १७. आल्यावर विमा चालू करून मगच गाडीला हात लावा, लोक उलटं करतात.

नेकारकाठ | १४ नोव्हेंबर

रच्याकने, जर्मनीत मोसमी नंबर प्लेटच मिळते. प्लेटवरच महिने छापलेले असतात, उदाहरणार्थ ०४ ते १०. त्या महिन्यांबाहेर गाडी रस्त्यावर चालवायची नाही आणि उभीही करायची नाही, खासगी जागेतच ठेवायची. ब्रिटनमध्ये सॉर्न, म्हणजे 'गाडी रस्त्यावर नाही' अशी सरकारला घोषणा, भरावं लागतं, तिथेही सार्वजनिक रस्ता वर्ज्य.

शेवंती | १५ नोव्हेंबर

गोदाकाठ, एक विचारते. तुमच्या लॉटमध्ये बर्फ काढायचं मशीन येतं तेव्हा गाड्या हलवायला सांगतात ना? तुम्ही नाशिकला, बॅटरी सुटी, किल्ली तुमच्या खिशात. मग गाडी टो होणार.

गोदाकाठ | १५ नोव्हेंबर

हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता भाडेकरार काढून बघितला. नोटीस लावल्यावर ठरलेल्या वेळात गाडी हलवायची, नाहीतर भाडेकरूच्या खर्चाने टो. शिवाय विमा चालू नसलेली गाडी लॉटमध्ये चालणार नाही असंही एक कलम आहे. म्हणजे ले-अप घेतला की जागाच गेली.

दहा_नंबरचा_पाना | १५ नोव्हेंबर

शेवंतीताईंनी नेमकं धरलं. बिल्डिंगच्या लॉटचं हेच दुखणं आहे. गाडी नुसती उभी करायची असेल तर जिथे कुणी तिला हलव म्हणणार नाही अशी जागा हवी. स्वतंत्र घर असलेला कुणी मित्र? घरामागे सिमेंटचा पॅड, बाहेरच्या भिंतीला एक प्लग, एवढं पुरे. ट्रेलर-बोटी ठेवणारे लोक शहराबाहेर कुंपणातली जागा महिन्याने देतात, तेही बघा. रस्त्यावर उभी करण्याचा विचारही नको. शिकागोत तर १ डिसेंबर ते १ एप्रिल पहाटे तीन ते सात मुख्य रस्त्यांवर पार्किंग बंद, बर्फ असो नसो.

दहाहजार_तळी | १६ नोव्हेंबर

मिनियापोलिसहून. धागा वाचनखूण म्हणून साठवला. आमची ईव्ही आहे, बॅटरीचं काय करायचं? काढून घरात आणता येणार नाही. ;)

दहा_नंबरचा_पाना | १६ नोव्हेंबर

शक्य असेल तर प्लगला लावून ठेवा आणि चार्जची मर्यादा निम्म्याच्या आसपास करा. टेस्ला असेल तर सेंट्री मोड (उभ्या गाडीचा कॅमेऱ्याने पहारा) बंद. ते स्वतःच सांगतात की उभ्या गाडीत दिवसाला साधारण एक टक्का जातो. ॲप उघडून सारखं बघत बसू नका, प्रत्येक वेळी गाडी जागी होते. निसान लीफच्या मॅन्युअलमध्ये उणे २५ च्या खाली सात दिवसांहून जास्त ठेवू नका असं स्पष्ट आहे, तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते वाचा. आणि बहुतेक ईव्ही आणि हायब्रिडमध्ये छोटी १२ व्होल्टची बॅटरी वेगळी असते. मोठी शाबूत आणि छोटी मेलेली, म्हणून गाडी उघडतसुद्धा नाही, असे लोक येतात.

लेहमधला_फौजी | १७ नोव्हेंबर

डिझेलवाल्यांसाठी दोन शब्द. काही वर्षं लडाखला होतो. डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत ते आधी गढूळ होतं, मग थिजतं, मग फिल्टरमधून जाईना. ट्रकवाले टाकीखाली स्टोव्ह पेटवून गाडी चालू करत, मी डोळ्यांनी पाहिलंय, तुम्ही करू नका. २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ पर्यंत थिजणार नाही असं हिवाळी डिझेल आणलं. कॅनडा-अमेरिकेत थंडीच्या महिन्यांत पंपावर हिवाळी डिझेलच येतं, पण ऑगस्टमध्ये भरलेली टाकी तशीच उभी केली तर टाकीत उन्हाळीच आहे हे लक्षात ठेवा.

गोदाकाठ | २३ नोव्हेंबर

जागा मिळाली. सहकाऱ्याचं शहराबाहेर घर आहे, मागे सिमेंटचा पॅड. त्याला फक्त एक अट, किल्ली त्याच्याकडे हवी. हाकानाका. ऑइल बदललं, कूलंट मोजलं (उणे ४० दाखवतंय), बॅटरी टेस्टमध्ये पास. बॅटरी काढून त्याच्या तळघरात ठेवतोय, कारण पॅडजवळ प्लग नाही आणि बॅटरी चौथ्या वर्षात आहे. फक्त त्याचे वडील म्हणतात काँक्रीटवर ठेवू नका, उतरते. खरं आहे का?

रसायनी | २३ नोव्हेंबर

जुन्या काळी डबे लाकडी किंवा कडक रबराचे असत, तेव्हा त्यात तथ्य होतं. आताच्या प्लॅस्टिकच्या डब्याला काँक्रीटने काही होत नाही. तरी वडिलांच्या समाधानासाठी खाली एक फळी टाका, फुकट आहे. महिन्यातून एकदा त्याला मीटर लावायला सांगा, १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर हात लावू नका, १२.४ च्या खाली गेली तर रात्रभर चार्जरवर. भट्टीच्या किंवा गॅस गीझरच्या शेजारी मात्र नको, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो.

गोदाकाठ | ४ एप्रिल

धागा वर काढतोय. काल गाडी घ्यायला गेलो. बॅटरी १२.५ दाखवत होती. घासण्या काढल्या, केबिन फिल्टर बघितला, स्वच्छ. विमा परवाच चालू केला होता. स्टार्ट एका झटक्यात. पण निघताना मागून खर्रर्र आवाज येतोय आणि ब्रेक दाबला की पुढूनही घासल्यासारखं. परत नेऊन उभी केली. काय असेल?

दहा_नंबरचा_पाना | ४ एप्रिल

पुढचं म्हणजे डिस्कवरचा गंज. रिकाम्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाने जाऊन आठ-दहा वेळा हलके हलके ब्रेक दाबा, पॅड तो खरवडून काढतील. पहिल्या दाबांना गाडी थांबायला जरा जास्त अंतर घेईल, पुढे कुणी असताना करू नका.

मागचं ड्रममधलं आहे. एखाद्या चाकाकडून वास येतो का, चाक गरम होतं का बघा. नुसता आवाज असेल आणि किलोमीटरभरात गेला तर गंजच. गेला नाही किंवा चाक तापलं तर ड्रम काढून साफ करायला हवा, तसंच चालवू नका. हँडब्रेक लावला नव्हता ना?

गोदाकाठ | ४ एप्रिल

मी नव्हता. सहकाऱ्याच्या मुलाने मधे बर्फ झाडताना 'सेफ्टी' म्हणून ओढला होता, आत्ता कळलं.

दहा_नंबरचा_पाना | ४ एप्रिल

मग गॅरेजलाच न्या, आणि चाक तापत असेल तर टो करून. लाइनर सुटला असेल तर ड्रममध्ये अडकू शकतो. काम मोठं नाही. टायरमध्ये जास्त भरलेली हवा उतरवून दारावरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या.

दहाहजार_तळी | ५ एप्रिल

काका, नवऱ्याची मोटारसायकलही हिवाळाभर अंगणात असते, तिलाही हेच सगळं?

दहा_नंबरचा_पाना | ५ एप्रिल

बरंचसं हेच, पण कार्ब्युरेटर असेल तर पेट्रोलचं गणित बदलतं. वेगळा धागा काढा, मॉडेल आणि वर्ष लिहा.